सासूबाईंची सात खटक्यांची शेगडी

यंत्रांशी माझं भांडण नाही. ओळख आहे, फक्त बोलणं नाही. म्हणूनच सासूबाईंची विजेची शेगडी बंद पडली त्या सकाळी "मी दुरुस्त करून देतो, आठ दिवसांत" हे वाक्य माझ्या तोंडून कसं बाहेर पडलं, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. बायकोने हातातला कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली. त्या नजरेचे सगळे प्रकार मला पाठ आहेत. हा प्रकार नवीन होता.

प्रसंगच तसा होता. सासूबाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहतात, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. त्यांची शेगडी म्हणजे हल्लीची ती काचेची चपटी वस्तू नव्हे. सायीच्या रंगाचा मुलामा, वर बिडाच्या चार काळ्या तबकड्या, खाली तिजोरीसारख्या दाराचा ओव्हन आणि पुढे ओळीने पाच गोल बटणं. हलवायची तर चार माणसं लागतात, आणि चौथ्याची पाठ धरते. वर्षभरात तिच्या तीन तबकड्या एकेक करून थंड पडल्या होत्या आणि सासूबाई चकार शब्द न काढता उरलेल्या एकीवर संसार हाकत होत्या. त्या सकाळी तीही 'फट्' म्हणाली आणि गेली. बायकोने परगावच्या भावाला कळवलं, तर लगेच मेहुण्याचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, झालं ना शेवटी? आता पुरे. महिनाअखेरीस मी रजा घेऊन येतो. आईचं सामान वर तुमच्याकडे हलवू आणि खालचं स्वयंपाकघर बंद करू."

"नाहीतर नवी शेगडी आणू की," बायको म्हणाली.

"नवी नको," सासूबाई म्हणाल्या. "त्या काचेवर बोट कुठे ठेवायचं तेच कळत नाही. आणि तुमच्याकडे काय, मी केव्हाही येईन. पाहुणी म्हणून येईन. पण पाहुण्याला परत जायला घर लागतं."

एवढं बोलून त्या गार पडलेल्या तबकडीवरून फडकं फिरवत राहिल्या. मला ते बघवेना, आणि ते वाक्य बाहेर पडलं ते तेव्हाच. मेहुणा फोनवर हसला. "ठीक आहे भाऊजी. महिनाअखेरपर्यंत शेगडी चालू झाली आणि आईला नीट वापरता आली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही." म्हणजे एका बाईचं स्वयंपाकघर माझ्या पेचकसावर येऊन टेकलं. पेचकस माझ्याकडे नव्हता.

तो दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरसाहेबांनी दिला आणि सोबत स्वतःही आले. साहेबांनी नोकरीभर पूल बांधले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे पाहिलं की ती कोसळेल का, हा विचार त्यांच्या मनात आधी येतो. स्टुलावर बसून त्यांनी मला सांगितलं की शेगडी हा मुळात एक पूलच आहे. अर्ध्या तासाने मलाही ते पटायला लागलं होतं. तेवढ्यात समोरच्या शिवणकामवाल्या बाई डोकावल्या. "माझ्या नणंदेच्या शेगडीत मुंग्या निघाल्या होत्या. तुम्ही मुंग्या बघितल्यात का?" मी तोऱ्यात नाही म्हटलं, आणि त्या गेल्यावर हळूच बघून घेतल्या. मुंग्या नव्हत्या. एक चमचा होता, दोन गुंड्या होत्या आणि बायकोच्या शाळेच्या दिवसांतली एक निळी पेन्सिल होती. पेन्सिल घेऊन बायको वर निघून गेली आणि दिवसभर माझ्याशी फार चांगली वागली.

मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात काम करतो. तिथे बावीस वर्षं काढलेला माणूस स्क्रूसुद्धा नोंद केल्याशिवाय काढत नाही. प्रत्येक ओळीचे स्क्रू वेगळ्या कपात, कपावर चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक आणि दिनांक. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना चहाला कप कमी पडले म्हणून त्यांनी तीन कप विसळून घेतले, आणि आवक क्रमांक चार ते सहा एकाच वाटीत गेले. मग मी तारांचा नकाशा काढायला घेतला. इंजिनियरसाहेबांनी सांगितलं होतं, तारा रंगावरून ओळखायच्या. पण इतक्या वर्षांच्या उष्णतेने सगळ्या तारांचा रंग चहाचा झाला होता. माझ्या नकाशात तपकिरी एक, तपकिरी दोन असं करत तपकिरी एकोणीसपर्यंत नोंदी आहेत. नकाशा म्हणून त्याचा उपयोग नाही, पण अक्षर सुरेख आहे.

एवढं मात्र माझ्यासारख्यालाही दिसलं की तबकड्या शाबूत होत्या. बटणांच्या मागे जे मुठीएवढे स्विच होते, तेच चारही जळून काळे झाले होते. ओव्हनचा तेवढा बचावला होता. एक जळका स्विच खिशात घालून मी बाजारात निघालो. सुट्या भागांच्या प्रत्येक दुकानात एकच प्रकार झाला. दुकानदार स्विच हातात घेई, फिरवून बघे, शेजारच्या दुकानदाराला हाक मारी, मग दोघं मिळून कुणाचं तरी बाळ बघावं तसे त्याच्याकडे बघत आणि मला परत देत. एकाने सुचवलं, संग्रहालयाला विचारा. मी संग्रहालयाला सुट्या भागांबद्दल सविस्तर पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं की आपली शेगडी आम्ही आनंदाने स्वीकारू आणि खाली दात्याचं नाव लावू.

ओव्हनच्या दारावर कारखान्याचा पत्ता उठावात कोरलेला होता. तिथेही पत्र धाडलं. उत्तर एका मुख्याध्यापिकाबाईंचं आलं. कारखाना बंद होऊन कैक वर्षं झाली होती आणि त्या जागी आता त्यांची शाळा होती. आपण म्हणता ते स्विच जिथे जोडत असत तिथे तिसरी 'ब'चा वर्ग भरतो, असं त्यांनी कळवलं होतं. मुलांना जुन्या शेगड्यांविषयी चार शब्द सांगायला आपण अवश्य यावे, अशी विनंतीही होती. पत्राखाली सही आणि गोल शिक्का. शिक्का इतका स्वच्छ उमटलेला होता की मी तो बायकोला नेऊन दाखवला.

दहाव्या दिवशी मी तपकिरी सात आणि तपकिरी बारा एकमेकांना जोडून पाहिल्या, आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. लिफ्टमध्ये नेमके इंजिनियरसाहेब होते. त्यांना बाहेर काढेपर्यंत आतून त्यांचं मार्गदर्शन चालूच होतं. वीज कंपनीचा माणूस आला, त्याने सासूबाईंच्या मीटरपासून शेगडीकडे जाणारी लाइन तोडून तिला सील ठोकलं आणि भारमंजुरीचा, म्हणजे एवढी वीज ओढायच्या परवानगीचा, कागद आणायला सांगितलं.

वीज कार्यालयाच्या खिडकीत एक शांत चेहऱ्याच्या बाई होत्या. "शेगडी कुठल्या वर्षाची?"

"जुनी आहे."

"जुनी म्हणजे? मूळ दाखला आणा."

"अहो, कारखानाच उरला नाही, दाखला कुठून आणू?"

"मग कारखाना उरला नसल्याचा दाखला आणा."

हे वाक्य माझं होतं. बावीस वर्षं मी ते खिडकीच्या आतून म्हणत आलो, बाहेरून ऐकण्याची ही पहिलीच वेळ. कानशिलं तापली, पण खोटं का बोला, बाईंची वाक्याची फेक अस्सल होती. आवाज चढलेला नाही, मान वर केलेली नाही, पेन थांबलेलं नाही. एवढी सफाई आमच्या कार्यालयात एकालाही साधलेली नाही. मी मुकाट्याने मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र पुढे सरकवलं. बाईंनी गोल शिक्का पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे आधी नाही का द्यायचं!" मंजुरी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "दुरुस्ती कोण करतंय?" मी म्हटलं, मी. तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली, मला नीट बघून घेतलं आणि एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

पत्ता बस आगाराच्या मागच्या गल्लीतला होता. दाराच्या रुंदीएवढं दुकान, आत पंख्यांच्या आणि पाण्याच्या पंपांच्या मोटारींचा ढीग, आणि त्यात बसून तांब्याची तार गुंडाळणारी पन्नाशीची एक बाई. गल्ली तिला कॉइलबाई म्हणते. तिने माझ्या हातातला स्विच घेतला, डोळ्यांनी पाहिलाच नाही, कानाशी धरून फिरवला. जळक्या स्विचमधून बारीक खट खट आवाज आला.

"सातखटकी," ती म्हणाली. "एकेका तबकडीच्या पोटात तीन तीन कॉइल असतात. हा फिरवला की कधी एक पेटते, कधी दोन, कधी तिन्ही. सहा खटके उष्णतेचे, सातवा बंदचा. आता असलं कोणी बनवत नाही."

"दुरुस्त होईल?"

"होतील चारही. टोकं नवी बसवावी लागतील, स्प्रिंगा हाताने वळाव्या लागतील. तीन आठवडे."

माझ्याकडे उरले होते नऊ दिवस. दुसरा काही मार्ग नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आहे. नंतरच्या काळातल्या शेगड्या भंगारात मिळतात, त्यांचे रेग्युलेटर तबकड्यांसकट बसवता येतात. ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखे सलग फिरतात. "पण ज्यांची शेगडी आहे त्यांना आधी विचारा."

"त्यांना काय विचारायचं? त्यांना तबकडी तापल्याशी मतलब."

तिने तारेचं रीळ पुढे ओढलं. जुने स्विच भंगारात टाकू नका, माझ्याकडे आणून द्या, एवढंच म्हणाली आणि पुन्हा तार गुंडाळू लागली. मी स्विच नेऊन दिले, भंगारवाल्याकडून चार रेग्युलेटर आणि चार तबकड्या दोन पिशव्यांत भरून बसने आणल्या, आणि सहा संध्याकाळी मान मोडून काम केलं. कॉइलबाईने कागदावर तीन रेघांत जोडणी काढून दिली होती. ती माझ्या एकोणीस तपकिरींपेक्षा कामाची निघाली. सातव्या दिवशी वीज कंपनीच्या माणसाने सील काढलं, मी बटण फिरवलं आणि तबकडी तापली! हात भाजेपर्यंत मी तिच्यावर हात ठेवला. इंजिनियरसाहेबांनी बटण मागेपुढे फिरवून "सलग! एकही धक्का नाही!" असा अभिप्राय दिला. त्या दिवसांत मी जिन्यातल्या आरशासमोरून दोनदा जात होतो.

महिनाअखेरच्या रविवारी दुपारी चार वाजता उद्घाटन ठेवलं. मेहुणा आला, इंजिनियरसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले, शिवणकामवाल्या बाईही आल्या. सासूबाईंनी दूध ठेवलं, बटण धरलं आणि फिरवलं. मग थांबल्या. पुन्हा थोडं फिरवलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे. आम्ही कौतुकाने बघत होतो. दूध भसकन वर आलं आणि नव्या तबकडीवर सांडलं. सासूबाईंच्या हातून दूध उतू गेलेलं मी एकवीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पुसलं, दुसरं ठेवलं. या वेळी ते खाली लागलं. खोलीभर जळका वास पसरला आणि शिवणकामवाल्या बाई खिडकी उघडायला धावल्या.

"बघा," मेहुणा हळू आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती. "मी म्हणत होतो ते हेच. शेगडीचं काही नाही, आईलाच आता जमत नाही." आणि तो बहिणीला घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. पाठोपाठ सगळे गेले.

सासूबाई बटणावर हात ठेवून तशाच उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "खटके कुठे गेले हो?"

"खटके?"

"एक खटका दूध कोमट ठेवायला. तीन भाताला. पाच पाण्याला. सातवा वाजला की बंद झाली, बिनघोर झोपावं. हे नुसतंच फिरतंय. कुठे आहे तेच कळत नाही."

"बटणाखाली आकडे आहेत ना, आई."

त्यांनी बटणावरचा हात पदराला पुसला. मग म्हणाल्या, "आकडे वर्षापूर्वीच गेले. डॉक्टरांकडे एकटी जाऊन आले मी. ते म्हणाले, नजरेतलं मधलं गेलं, कडेचं राहील, चष्म्याने भागणार नाही. आता तुम्ही समोर आहात, पण तुमचं तोंड दिसत नाही मला. कान दिसतात."

माझे कान तसे बघण्यासारखे आहेत, पण त्या क्षणी मला ते सुचलं नाही. मी आठवत होतो ते वेगळंच. वर्षभर दर रविवारी मी या बाईच्या हातचा केक खात आलो. कधी कच्चा नव्हता, कधी करपलेला नव्हता. तीन तबकड्या गेल्यावर चौथीवर त्यांनी पाहुणे जेवू घातले होते. दोन धड डोळे असून मला तपकिरी सात आणि बारा ओळखता आल्या नव्हत्या, आणि ही बाई बोटांनी मोजून घर चालवत होती. कुणाला कळूही न देता! मला त्यांचा फार अभिमान वाटला. आणि त्यांचे खटके मीच काढून टाकले होते, तेही न विचारता.

"माझ्या मुलाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "सांगायचं तेव्हा मी सांगेन."

मी बाहेर गेलो. सगळे माझ्याकडे बघत होते. माणसाची अब्रू काही रोज उपयोगी पडत नाही. आज पडत होती तर वापरून टाकावी, असं मी ठरवलं. "चूक आईंची नाही," मी म्हटलं. "मी वायरिंग उलटं केलंय. कमी केलं की वाढतं आणि वाढवलं की कमी होतं. कुणाच्याही हातून दूध जळलं असतं."

यावर इतक्या लवकर सगळ्यांचा विश्वास बसेल अशी माझी कल्पना नव्हती. निदान एखाद्याने तरी "छे, छे, तुमच्या हातून?" म्हणायला हरकत नव्हती. इंजिनियरसाहेब म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून शंका होती. मेहुण्याने कपाळाला हात लावला. "भाऊजी, आणखी पंधरा दिवस देतो. पण या वेळी कुणा जाणकाराला बोलवा हो." आठवडाभरात ही बातमी आमच्या कार्यालयापर्यंत पोचली.

जिना चढताना बायको म्हणाली, "ते म्हणालात तसं वायरिंग उलटं होत नसतं. एवढं मलाही कळतं." मी पायऱ्या मोजत राहिलो. ती पुढे विचारत बसली नाही. घरी गेल्यावर तिने मला न मागता चहा दिला.

दुसऱ्या दिवशी कॉइलबाईकडे गेलो तर दोन स्विच तयार होऊन फडक्यावर मांडलेले होते. "तुम्ही येणार हे माहीत होतं," ती म्हणाली. "विचारलं नव्हतंत ना." मग मी कार्यालय सुटल्यावर रोज तिच्याकडे जाऊन बसू लागलो. केसाएवढ्या तारेची स्प्रिंग ती चिमट्यावर वळवायची, बसवायची, कानाशी धरून फिरवायची, नापसंत पडली की मोडून पुन्हा वळवायची. एक स्प्रिंग तिने नऊ वेळा केली. मला फरक कळत नव्हता, तिला कळत होता. मी भीत भीत विचारलं, सातवा खटका जरा जास्त जोराचा करता येईल का, बंद झालेली पक्की कळावी म्हणून. तिने हातातलं काम थांबवलं. कुणासाठी, का, काही विचारलं नाही. सातव्या घराला जाड तारेची स्प्रिंग घातली आणि माझ्या हातात दिली. मी डोळे मिटून फिरवलं. सहा खट आणि सातवा ठक्क. इतकी सुंदर वस्तू मी फार दिवसांत हातात धरली नव्हती. मी काढून ठेवलेल्या मूळच्या तबकड्या आणि ते चार स्विच बसवायला ती स्वतः आली. शेगडीसमोर मांडी घालून बसली, दीड तासात उठली, आणि जाताना इंजिनियरसाहेबांच्या प्रश्नांना एकदाही उत्तर न देता गेली.

पंधराव्या दिवशी मेहुणा आला तो सामान भरायला दोरी आणि खोकी घेऊनच. सासूबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी बायको आणि मी.

"आज तूच बघ चालवून," त्या मुलाला म्हणाल्या. "दोन अंडी उकड मला."

तो आत गेला. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. मग खट, खट, खट, खट, खट, खट.

"सहावर नको," सासूबाईंनी बसल्या जागेवरून हाक दिली. "फुटतील. पाचवर घे."

मग एक खट. मेहुणा दारात आला, हातात अंडं तसंच. "आई, तुला इथून बटण दिसतं?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "इथून नाही आणि जवळ जाऊनही नाही. वर्ष झालं." आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं, साधं, भाजीचा भाव सांगावा तसं. बायकोने त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. मेहुण्याचा आवाज कापला.

"आणि तू वर्षभर एकटी... या शेगडीवर..."

"या शेगडीवर म्हणूनच. रडतोस काय? पाण्याचा आवाज बदललाय, उकळी आली. अंडी सोड आणि तीनवर आण."

तो क्षणभर आईकडे, मग त्या खोक्यांकडे बघत राहिला आणि आत गेला. बाहेर आम्ही तिघंही ऐकत होतो. खट. खट.

"बास," सासूबाई म्हणाल्या, आणि आतला हात थांबला.